औषध लागू पडत नाही? आधी या चुका टाळा

जळगावात मेडिकल चालवताना स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय येणं अशा मानसिक आजाराच्या, पेशंटच्या घरच्यांकडून एक वाक्य सारखं कानावर येतं: "भाऊ, औषध लागूच पडत नाही." मी आधी फाईल मागतो. फाईल उघडली की बहुतेक वेळा तेच दिसतं. तीन डॉक्टर झाले, पाच औषधं झाली, पण एकही गोळी सलग महिनाभर पोटात गेलेली नाही. मग दोष औषधाला कसा देणार?

बरं वाटलं की गोळ्या बंद

या चुकीने मी जेवढी घरं हलताना पाहिली, तेवढी दुसऱ्या कशाने नाही. यावल तालुक्यातला केळीवाल्यांचा एक मुलगा होता. या आजारावरच्या ओलान्झापिन या गोळीवर वर्षभर छान चालला होता. बागेचं ठिबक (ड्रिप) बघायचा, व्यापाऱ्याचा हिशोब ठेवायचा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास लग्न ठरलं आणि काका म्हणाले, "आते बरा व्हयना ना पोऱ्या, गोया कसाले?" मुलीकडच्यांना कळू नये हाही हेतू होताच. गोळ्या एका दिवसात बंद झाल्या.

पहिले पंधरा-वीस दिवस मुलगा उलट जास्त तरतरीत दिसला. सुस्ती गेली, चेहरा उजळला. काका सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, गोळ्यांनीच मंद झाला होता." खरा घात इथे होतो. औषध थांबलं तरी आजार लगेच उठत नाही. काही आठवडे, कधी काही महिने दम धरतो, आणि तोवर घरच्यांचा निर्णय पक्का झालेला असतो. त्या मुलाची आधी झोप गेली. मग शेजारच्या शेतकऱ्याने पाण्यात विष सोडलंय असं म्हणू लागला. एका रात्री विळा घेऊन त्याने अख्ख्या बागेतल्या ड्रिपच्या नळ्या कापल्या. सोयरीक मोडली. पुन्हा तीच गोळी सुरू केली, पण या वेळी डोस जास्त लागला आणि सावरायलाही कितीतरी वेळ गेला.

२०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापून आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्के लोकांचा आजार उलटला. औषध काढून नुसती डमी गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होतं. म्हणजे औषध घेऊनही आजार उलटू शकतो, हे खरं. पण बंद केल्यावरचा धोका दुपटीपेक्षा जास्त आहे, हेही तेवढंच खरं. कमी करायचंच असेल तर डॉक्टर महिनोन्महिने हळूहळू करतील. काकांनी करायचं काम नाही ते. आणि लग्नाआधी समोरच्यांना सांगा. लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतातच.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: औषध सुरू केल्याची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर बॉलपेनने लिहा, आणि रिकामी पाकिटं फेकू नका, येताना घेऊन या. पाकिटं मोजली की किती दिवस चुकले ते न विचारताच कळतं.

आठ दिवसांत डॉक्टर बदलणं

तापाच्या गोळीसारखा गुण यात दिसत नाही. झोप आणि चिडचीड काही दिवसांत सुधारते. कानातले आवाज आणि संशय ओसरायला आठवडे लागतात. योग्य डोसवर चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय औषध फेल गेलं असं म्हणता येत नाही. आठव्या दिवशी धुळ्याचा डॉक्टर, पंधराव्या दिवशी नाशिकचा, असं करणाऱ्यांचा मला राग येतो, कारण या घाईची किंमत पेशंट मोजतो. नव्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

गप्प बसणं, अंघोळ टाळणं, कशातच रस नसणं यावर मात्र गोळ्यांचा परिणाम कमीच होतो. ते आधी सांगितलेलं बरं. तिथे रोजचं छोटं काम, ठरलेली वेळ आणि घरच्यांचा धीर जास्त उपयोगी पडतो.

मान वाकडी झाली म्हणून भगताकडे नेणं

याच आजारावरची हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन ही औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत कधी मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढतात, जीभ अडखळते. बघणारा घाबरतोच. पण हे 'बाहेरचं' नाही, औषधाचा दुष्परिणाम आहे. सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. इंजेक्शनने थोड्याच वेळात सुटतं. पुढे डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. एका जागी बसवत नाही, सारखं येरझाऱ्या घालतोय, हाही बऱ्याचदा दुष्परिणामच असतो. आजार वाढला समजून डोस वाढवू नका.

ताप आणि अंग लाकडासारखं ताठ, असं एकत्र दिसलं तर वाट बघू नका, रात्र असली तरी निघा.

बाकीच्या चुका

चहात चोरून गोळी घालू नका. कळलं की संशय तुमच्यावरच येतो. रोज नकारच असेल तर डॉक्टरांना महिन्याच्या इंजेक्शनबद्दल विचारा. नंदुरबारकडून ऊसतोडीला किंवा सुरतेला जाणाऱ्यांनाही ते सोयीचं पडतं.

विडी-सिगारेटच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं. एकदम सोडली तर ते वाढतं. सोडणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

भुसावळच्या मे महिन्यात दुपारी शेतात पाठवू नका. यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, ऊन लवकर लागतं.

वजन आणि साखर दर तीन महिन्यांनी बघा. पाळी थांबली तर सांगा, लाजू नका.

क्लोझापिनला घाबरून वर्षं घालवणं

दोन औषधं पुऱ्या डोसने, पुरेसे आठवडे, न चुकता घेऊनही आवाज थांबत नसतील, तेव्हा 'लागू पडत नाही' हे वाक्य खरं असतं. त्यावर क्लोझापिन हा उपाय आहे. १९८८ साली छापलेल्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ केन यांच्या अभ्यासात अशाच पेशंटपैकी सहा आठवड्यांत ३० टक्के लोक क्लोझापिनने सुधारले. जुन्या क्लोरप्रोमाझिन या औषधाने सुधारलेले होते ४ टक्के. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. ती तपासणी टाळणाऱ्याला मी पुढची गोळी देत नाही. बद्धकोष्ठता अंगावर काढू नका, या औषधात ती जिवावर बेतू शकते. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस स्वतःहून सुरू करू नका. पुन्हा अगदी कमी डोसपासून चढत जावं लागतं, त्यासाठी आधी डॉक्टरांना फोन करा.