जुना फतवा वाचायचा कसा: हॅट, कागद आणि लाउडस्पीकर

व्हॉट्सॲपवर "अमुक मुफ्तींनी तमुक वस्तू हराम केली" असं फॉरवर्ड आलं की दोन्हीकडून कल्ला सुरू होतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहू. असं काही हाती आलं तर उत्तर नंतर, आधी प्रश्न वाचा. फतवा म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही हो, कुणी विचारलं म्हणून मुफ्तीने दिलेलं मत, निकाल देतो तो काझी. विचारणारा कुठला, त्याची अडचण काय, हे कळलं की अर्धं काम झालं.

१९०३ चा ट्रान्सवाल फतवा घ्या. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांना दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल भागातून विचारलं गेलं की आमच्याकडे काही मुसलमान धंद्यापाण्यासाठी हॅट घालतात, चालतं का? ते म्हणाले, धर्म सोडायचा इरादा नसेल तर हॅटने कोणी काफिर होत नाही, उन्हासाठी घातली असेल तर मकरूहसुद्धा नाही. मकरूह म्हणजे नापसंत, हराम नव्हे, भाषांतरात दोन्हीचं "मनाई" होतं आणि सगळा घोळ तिथेच.

मग बघा की आक्षेप वस्तूवर आहे की तिला चिकटलेल्या कशावर. बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, मानतात की वस्तू मुळात मुबाह, म्हणजे चालणारी, मनाई म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा. १४०९ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तिलिमसानला युरोपातून येणाऱ्या कागदाचा प्रश्न आला, उजेडासमोर धरला की काही कागदांत क्रूसाचा वॉटरमार्क दिसायचा. यावर कुराण लिहायचं का? तिथले फकीह इब्न मर्झूक म्हणाले लिहा, वर अल्लाहचं नाव आलं की खोट्याच्या जागी खरं येतं. मला तर हे उत्तर जाम आवडतं!

आणि प्रश्न एखाद्या मशीनचा असेल तर ते मुफ्तीला कसं समजावलं गेलं तेही शोधा. आपल्याकडे लाउडस्पीकर आला तेव्हा वाद आवाजाच्या मोठेपणाचा नव्हताच, तो आवाज इमामाचा स्वतःचा की नुसता प्रतिध्वनी, हा होता, कारण जमातीत नमाज इमामाच्या मागे पढतात, नुसत्या प्रतिध्वनीच्या मागे ती होत नाही. देवबंदी परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी आधी विरोधात होते, नंतर सायन्सच्या जाणकारांना विचारून त्यांनी मत बदललं. त्यामुळे त्यांचं आधीचंच मत कापून कुणी पाठवलं तर पहिलं विचारा, हे कधीचं?