फॉर्म पाचची तयारी एप्रिलपासूनच करा

३० सप्टेंबर ही फॉर्म पाच, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. हिशेब मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा. हातात सहा महिने असतात, तरी टीटीसीत, म्हणजे नवी मुंबईच्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहतीत, तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंत अनेक लहान केमिकल युनिटमध्ये फाइल उघडली जाते ती गणपती झाल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण यातली सर्वांत महत्त्वाची माहिती मागाहून गोळाच करता येत नाही.

आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना चालवायला दिलेलं चालू मुदतीचं संमतीपत्र बाहेर काढा, सुधारणा असतील तर त्यांच्यासकट. उत्पादनांची नावं आणि त्यांची मर्यादा ओळीने तपासा; मंजुरीपेक्षा जास्त माल काढला असेल तर तो आकडा तुमच्याच सहीने मंडळाकडे जाणार आहे. फर्नेस ऑइल सोडून पाइपच्या गॅसवर बॉयलर नेला असेल, तर संमतीपत्रात तो बदल झालाय का ते बघा. पाणी, कच्चा माल, डिझेल हे आकडे स्टोअर आणि अकाउंट्सकडून मिळतात. त्यावर वेळ घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. स्टॅक सॅम्पलिंगच्या, म्हणजे धुराड्यातल्या वायूचा नमुना घ्यायच्या, दिवशी प्लांट काय करत होता, ते त्याच वेळी लिहून ठेवा. लॅब मान्यताप्राप्त हवी, शिडी आणि प्लॅटफॉर्म धड हवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लॅबचा माणूस वर प्रोब घालून उभा असताना खाली कोणत्या रिअॅक्टरमध्ये कोणती बॅच कोणत्या टप्प्यावर होती, हे कुणीच लिहीत नाही. मागच्या खेपेला आम्ही इथेच अडकलो. लॅबचा रिपोर्ट होता, पण त्यातल्या आकड्याचा अर्थ लावायला सोबत काहीच नव्हतं.

थायोनिल क्लोराइडचं उदाहरण घ्या. ते रिअॅक्टरमध्ये सोडत असताना एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू स्क्रबरकडे, म्हणजे वायू धुऊन काढणाऱ्या यंत्राकडे, जोरात येतात. पुढे ड्रायिंग चालू असताना त्याच व्हेंटमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, जवळजवळ काही येत नाही. दोन्ही वेळी नमुना घेता येतो, दोन्ही रिपोर्टवर शिक्का बसतो, पण खरं चित्र पहिल्यातच असतं. म्हणून लॅबला बोलावण्याआधी प्रॉडक्शनशी बोलून अॅडिशनची, म्हणजे रसायन सोडायची वेळ ठरवा, आणि बॅचशीटची, म्हणजे त्या बॅचच्या नोंदपत्रकाची, प्रत त्याच दिवशी काढा. त्याच दिवशी! महिन्याभराने शिफ्ट इनचार्जला विचारलंत तर तो अंदाजाने सांगेल.

हे कशासाठी, तर फॉर्मच्या भाग क मध्ये नुसतं प्रमाण चालत नाही, दिवसाला किती वस्तुमान बाहेर गेलं तेही लागतं. समजा एचसीएल २० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर आहे आणि प्रवाह तासाला ३,००० नॉर्मल घनमीटर. व्हेंट दिवसाला ६ तास चालत असेल तर ०.३६ किलो होतात, २४ तास धरलेत तर १.४४ किलो. चौपट फरक पडतो, आणि तो ठरतो फक्त तासांच्या नोंदीवर. मानकापेक्षा फरक किती टक्के आणि का, हेही तिथेच विचारलंय. बॅचची नोंद नसेल तर त्या ‘का’ला उत्तर नाही. बॉयलरच्या नमुन्यालाही हेच लागू: त्या वेळचं इंधन आणि लोड लिहा.

स्क्रबरची वही खरी ठेवा. महिनाभर दर तासाला पीएच ९ च लिहिलेला असेल, तर फील्ड ऑफिसरला पहिल्या पानावरच कळतं. कॉस्टिक (आम्ल वायू शोषणारा क्षार) घातल्यावर पीएच वर जातो, वायू येऊ लागला की उतरतो. वहीत तसंच दिसलं पाहिजे. वर्षभर वापरलेलं कॉस्टिक आणि स्टोअरची खतावणी जुळवून बघा. पंप बंद पडून वायू तसाच बाहेर गेला असेल किंवा जाण्याची भीती असेल, तर वार्षिक फॉर्मची वाट बघायची नाही. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मंडळाला लगेच कळवावं लागतं. पुढचे प्रश्न वाढतील म्हणून ते लपवू नका, आजूबाजूला माणसं राहतात.

घातक कचऱ्याचा फॉर्म चार ३० जूनला गेलेला असतो. त्यातले आकडे आणि इथले आकडे एकच हवेत, मॅनिफेस्टशी (कचरा बाहेर नेताना भरायच्या कागदाशी) ताडून घ्या. जनरेटरचे तास, ऑनलाइन मॉनिटर लागू असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, तेही बघा. सही, पोर्टल, पावती. आणि प्रत्येक स्टॅक रिपोर्टला त्या दिवशीची बॅचशीट टाचलेली आहे ना, ते स्वतः उघडून बघा.