आडवी मुंबई बेस्टने पार करताना

मुंबईची लोकल उभी धावते. पश्चिम असो की मध्य, रूळ उत्तर-दक्षिण. त्यामुळे बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून दादरला बसने जाण्यात काही अर्थ नाही, दीड-दोन तास नुसते सिग्नल मोजत बसाल. बेस्टच्या बसचा उपयोग आडव्या, म्हणजे पूर्व-पश्चिम प्रवासाला. कुर्ल्याहून अंधेरीला लोकलने जायचं तर सहसा दादरला उतरून, पूल चढून, गाडी बदलून यावं लागतं. कुर्ल्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात तर लोकल जातच नाही. तिथे बेस्टच. घाटकोपर ते अंधेरी हा एक अपवाद आहे. २०१४ पासून तिथे मेट्रो आहे, ती सोडून गर्दीच्या वेळी बसमध्ये चढू नका.

सवयीला सोपे दोन मार्ग आधी लक्षात ठेवा. ३१० वांद्रे स्टेशन पूर्वेहून संकुलातून कुर्ला स्टेशन पश्चिमेला जाते. ३३२ कुर्ल्याहून अंधेरी-कुर्ला रोडने साकीनाका, मरोळ करत अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकात. क्रमांकाआधी ‘ए’ दिसलं की गाडी वातानुकूलित. मार्ग अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी ‘चलो’ ॲपवर एकदा खात्री करावी.

पत्ता विचारताना ‘कुर्ला स्टेशन’ एवढंच म्हणू नका. पूर्व की पश्चिम, हे आधी ठरवा. चुकीच्या बाजूला उतरलात तर गर्दीच्या पुलावरून पलीकडे जाण्यातच पंधरा मिनिटं जातात, आणि वर नेमका थांबा शोधायचा वेगळाच. मोठ्या चौकात एकाच नावाचे तीन-चार थांबे असतात, प्रत्येकावर वेगळे क्रमांक. खांबावरच्या पाटीवर आपला क्रमांक लिहिलेला नसेल तर तिथे उभं राहून उपयोग नाही.

गाडी येताना दिसली की क्रमांकाइतकंच शेवटच्या थांब्याचं नाव वाचा. तोच क्रमांक दोन्ही दिशांना धावतो, आणि काही फेऱ्या अर्ध्यावरच संपतात. पुढच्या काचेवर क्रमांक मराठी आकड्यांत असतो, बाजूला इंग्रजीत. मराठी वाचणाऱ्याला याचा फायदा असा की गाडी शंभर पावलं लांब असतानाच कळतं; पाहुण्यांना ती दारापाशी आल्यावर समजते. ‘मर्यादित’ गाडी मधले बरेच थांबे सोडते, म्हणून आपला थांबा ती घेते का हे चढण्याआधी कंडक्टरला विचारा. थांब्यावर अनेक मार्गांच्या गाड्या येत असतील तर हात दाखवा. कोणीच हात दाखवला नाही तर ड्रायव्हर गाडी पुढे काढू शकतो.

आता वेळेचं. ॲपवर गाडी ‘७ मिनिटांवर’ दिसते ते अंतर आणि वेग यांवरून काढलेलं असतं. मध्ये साकीनाका असेल तर त्या सातची सतरा होतात. अंधेरी-कुर्ला रोड मेट्रोच्या खांबांनी आधीच अरुंद झालाय, त्यात साकीनाक्याला आडवे रस्ते येऊन मिळतात, आणि कुर्ला स्टेशनबाहेर रिक्षांची रांग. जाम होतो तो नेमका अशा चिमट्यांत. म्हणून नकाशावर गाडी आपल्यापासून किती लांब आहे यापेक्षा तिने चिमटा पार केलाय की नाही, हे बघा. केला असेल तर थांबा, नसेल तर दुसरा विचार करा.

अर्धा तास एकही गाडी नाही आणि मग तीन एकामागोमाग, यामागे कोणाचा कट नसतो. पहिली गाडी थोडी अडकली की थांब्यावर माणसं साठतात, त्यांना चढवण्यात ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला थांबे रिकामे मिळतात, ती वेगाने येऊन पहिलीला गाठते. याचा फायदा घ्यायचा तो असा: पहिली खचाखच भरलेली दिसली आणि ॲपवर दुसरी दोन-तीन मिनिटांवर असेल तर पहिली सोडून द्या. दुसरीत बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी असते आणि पोहोचायला फारसा फरक पडत नाही. मात्र ॲपवर मागे काहीच दिसत नसेल तर दाराला लटकलेल्यांतही जागा करून चढावं लागतं, हेही खरं.

संध्याकाळी सहा ते आठ संकुलातली सगळी ऑफिसं एकदम सुटतात. वांद्र्याकडे जायचं असेल तर एक-दोन थांबे उलट्या दिशेला, म्हणजे गाडी येते त्या बाजूला चालत जा. पाच-सात मिनिटांची चाल, पण गाडी भरण्याआधी तुम्ही आत असता. उतरताना याच्या उलट करायचं. स्टेशनजवळचं शेवटचं अर्धा किलोमीटर बस कधीकधी वीस मिनिटं घेते, चालायला सहा-सात पुरतात. मात्र दोन थांब्यांच्या मध्ये दार उघडायची अपेक्षा ठेवू नका. आधीच्या थांब्यावर उतरण्याचा निर्णय तिथे पोहोचण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

९ मे २०२५ पासून पहिल्या ५ किलोमीटरना साध्या गाडीत १० रुपये, वातानुकूलितमध्ये १२. १० किलोमीटरपर्यंत १५ आणि २०. गाडी बदलली की तिकीट नव्याने, म्हणजे किमान भाडं पुन्हा भरायचं. म्हणून दोन छोट्या गाड्यांपेक्षा एक लांबची आणि थोडी चाल स्वस्त पडते. सुट्टे जवळ ठेवा. सकाळच्या गर्दीत पाचशेची नोट पुढे केली तर कंडक्टरचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. मोबाइल तिकीट चढण्याआधी काढून ठेवा, आत नेटवर्क गेलं आणि तपासनीस आला तर सबब चालत नाही. फोनची बॅटरी दहा टक्क्यांवर असेल तर सरळ कागदी तिकीट घ्या. काही गाड्यांत कंडक्टर नसतो, तिकीट खाली थांब्यावरच देतात. तिथे ते न घेता चढू नका.

चढलात की दारात उभे राहू नका. राखीव जागांवर वर लिहिलेलं असतं, वाचून बसा. पिशवी खांद्यावरून काढून पुढे धरा. उतरायच्या एक थांबा आधीच दाराकडे सरकायला लागा. कुर्ल्याच्या गर्दीत शेवटच्या क्षणी वाट मिळत नाही आणि ‘उतरायचंय’ म्हणून ओरडेपर्यंत डबल बेल होऊन गाडी सुटलेली असते.

पावसाळ्यात हे सगळं गणित बिघडतं. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन आणि अंधेरी सबवे इथे पाणी भरलं की बेस्ट गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवते, आणि मग तुमचा थांबा मार्गावरच राहत नाही. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल तर निघण्याआधी मार्गबदलाची सूचना पाहा, आणि चढताना कंडक्टरला थांब्याचं नाव घेऊनच विचारा. ‘गाडी कुर्ल्याला जाते का’ याला तो हो म्हणेल, पण कुठून जाते ते सांगायचं राहून जाईल. विसर्जनाच्या दिवशी लालबाग-परळ-गिरगावकडचे रस्ते आणि ६ डिसेंबरला दादर-शिवाजी पार्कचा भाग यांतून बसने जाण्याचा बेत करूच नका, त्या दिवशी लोकल बरी.

रात्री परतायचं असेल तर शेवटच्या फेरीची वेळ जातानाच बघून ठेवा. ती दोन्ही टोकांची वेगळी असते, आणि मधल्या थांब्यावर ती वेळ कुठेच लिहिलेली नसते. सुरुवातीच्या थांब्याची वेळ धरून त्यात प्रवासाचा वेळ मिळवावा, आणि दहा मिनिटं आधी उभं राहावं. रात्रीचा रस्ता मोकळा असतो, गाडी अंदाजाआधी येते.