काश्मिरी अक्रोडाचे जनुकीय वैविध्य जपण्यासाठी झाडे कशी निवडावीत

काश्मीर खोऱ्यातील अक्रोडाची बहुतेक जुनी झाडे बियांपासून वाढलेली आहेत आणि परागण वाऱ्याने होत असल्यामुळे शेजारच्या दोन झाडांची फळेही सारखी निघत नाहीत. बोटांनी फुटणारा कागझी, मध्यम कवचाचा बुर्झुल आणि दगडाने ठेचावा लागणारा वोंथ हे सारे एकाच गावात सापडू शकतात. चँडलरसारख्या कॅलिफोर्नियातील एकाच वाणाची कलमे सर्वत्र लागली, तर हे वैविध्य आटत जाईल. (कोकणातील जंगली अक्रोड एरंडाच्या कुळातला आहे, त्याचा येथे संबंध नाही.)

नमुने घेताना नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त चांगल्या फळांची झाडे निवडणे. ते काम वाण निवडणाऱ्याचे. जतन करणाऱ्याने वोंथही घ्यावा, कारण त्याच झाडाची पालवी उशिरा फुटत असेल, तर वसंतातील अवेळी गारठ्यातून ते वाचते, आणि हा गुण कवचावरून ओळखता येत नाही.

एका परिसरातून किमान 30 झाडे घ्यावीत. प्रत्येक झाडात जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे 60 प्रती हाती येतात. शंभरात पाचच प्रतींमध्ये आढळणारे जनुकरूप (एकाच जनुकाचा वेगळा प्रकार) त्यांत सापडण्याची शक्यता सुमारे 95 टक्के असते. 15 झाडांवर थांबल्यास ती 79 टक्क्यांच्या आसपास उतरते. अर्थात हे गणित झाडे परस्परांची भावंडे नसतील तरच खरे ठरते, म्हणून झाडांमध्ये अंतर राखावे आणि रोप कोणाच्या परड्यातून आणले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून विचारावे.

सप्टेंबरमध्ये हिरवी साल तडकल्यावर खाली पडलेली फळे वेचावीत. झाडावर चढू नये, काढणीच्या वेळी पडून दरवर्षी जीव जातात. फळातील बी आईचे असले तरी बाप अज्ञात असतो, त्यामुळे तेच झाड हवे असल्यास कलमच करावे लागते. त्यासाठी ऐन हिवाळ्यात, मालकाच्या संमतीने, गेल्या हंगामातील पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या घ्याव्यात. काडी उभी चिरल्यास आतील भेंड शिडीच्या पायऱ्यांसारखे कप्प्याकप्प्यांचे दिसते. शेंड्याकडचा फार पोकळ भाग टाकून द्यावा. काड्या ओलसर शेवाळात गुंडाळून 2 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. अक्रोडाचे कलम सहज जुळत नाही. जोड भरून येण्यासाठी सुमारे 27 अंशांची ऊब लागते, म्हणून ते पॉलीहाउसमध्ये बांधणे श्रेयस्कर.

तेलकट बी साठवणीत फार काळ उगवणक्षम राहत नाही, त्यामुळे जिवंत बागच राखावी लागते. प्रत्येक मूळ झाडाची किमान दोन कलमे दोन वेगळ्या ठिकाणी लावावीत आणि दोन्हींच्या नोंदीत झाडाचा क्रमांक, गाव, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, पालवीची तारीख व कवचाची जाडी लिहावी.