सेलेनियम ३ वरून ४: काय मोडलं, कसं दुरुस्त केलं

सेलेनियम म्हणजे कोडमधून ब्राउझर चालवणारं साधन. पायथनच्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या एकदम नव्या आवृत्तीवर उडी न मारता आधी ४.२ बसवली. तिथे जुन्या पद्धती चालतात, पण पायटेस्ट (चाचण्या चालवणारं साधन) त्या बंद होणार असल्याचे इशारे दाखवतो. तीच कामाची यादी.

पानावरचा घटक शोधणारी ‘फाइंड एलिमेंट बाय आयडी’ ही पद्धत आणि तिची भावंडं ४.३ मध्ये काढलेली आहेत. ‘फाइंड एलिमेंट’ला आता ‘बाय डॉट आयडी’ आणि प्रत्यक्ष आयडी अशा दोन गोष्टी द्यायच्या. अनेकवचनी ‘एलिमेंट्स’ वेगळं बदला, नाहीतर यादीऐवजी एकच घटक येतो आणि लूप मोडतं.

ड्रायव्हर म्हणजे सेलेनियमचे आदेश ब्राउझरला पोचवणारा प्रोग्राम. तो कुठे ठेवलाय तो पाथ स्वतः द्यायचा असेल, तर ४.१० पासून ‘सर्व्हिस’ या ऑब्जेक्टमधूनच द्यावा लागतो. खरं तर ४.६ पासून सेलेनियमसोबतच येणारा सेलेनियम मॅनेजर क्रोमड्रायव्हर (क्रोमचा ड्रायव्हर) स्वतः आणतो. मात्र सिस्टिमच्या पाथमध्ये (प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत) जुना क्रोमड्रायव्हर पडून असेल तर तोच उचलला जातो आणि सेशन उघडत नाही. तो आधी काढा.