क्रूझमध्ये घर घेताय? आधी संडासाचं विचारा

क्रूझ म्हणजे मध्य फ्रान्समधला एक ग्रामीण जिल्हा. पॅरिसमधली आपली मंडळी हमखास विचारतात, "क्रूझमध्ये आहे तरी काय?" खरं सांगायचं तर फार काही नाही. ग्रॅनाइटची घरं, तांबूस लिमूझँ गाई आणि दुपारी बारा ते दोन कडीकुलपात गेलेलं गाव. आयफेल टॉवरखालच्या फोटोंवर ज्यांचं फ्रान्स संपतं, त्यांनी इकडे येऊच नये.

घरं स्वस्त आहेत म्हणून लोक येतात, आणि गोम तिथेच आहे. खेड्यातल्या बऱ्याच घरांना सार्वजनिक गटार नसतं, अंगणात स्वतःचा सेप्टिक टँक असतो. विकणाऱ्याला त्याचा तीन वर्षांच्या आतला तपासणी अहवाल द्यावाच लागतो. टँक नियमात बसत नसेल, तर खरेदीनंतर वर्षभरात काम करून घ्यायचं, तेही घेणाऱ्याने. ओळखीचं एक जोडपं जुन्या तुळयांवर आणि शेकोटीवर भाळलं, अहवाल नुसता फाइलला लावला. स्वयंपाकघरासाठी साठवलेले पैसे अंगणातल्या खड्ड्यात गेले. म्हणून परत सांगते: नोटरीसमोर सही करण्याआधी संडासाचं पाणी जातं कुठे, ते विचारा. लाजू नका. अहवाल फ्रेंचमध्ये असतो, तो कुणाकडून तरी वाचून घ्या. एजंटकडून नको!

राहायला आलात की भारतीय लायसन्स वर्षभरच चालतं. बसच्या भरवशावर इथे राहता येत नाही, तेव्हा फ्रेंच लायसन्सच्या मागे पहिल्या महिन्यापासून लागा.

दुकानात शिरताना आधी "बाँजूर", मग काम.

शरदात शेजारी टोपलीभर अळंबी आणून देतील. स्वतः वेचलीत तर आधी औषधाच्या दुकानात दाखवा. फार्मासिस्ट काउंटरवर एकेक उलटून बघतो, देठ हुंगतो, नको ती बाजूला काढतो.

माणसं अबोल वाटतील, पण परगावी जाऊन पोट भरणं त्यांना नवं नाही. कोकणातले चाकरमानी मुंबईला जात, तसे इथले गवंडी पॅरिस बांधायला जात, तेही पायी. मार्तँ नादो 1830 मध्ये चौदाव्या वर्षी असाच बापाबरोबर चालत गेला आणि 1849 मध्ये खासदार झाला. ही गोष्ट काढलीत की म्हातारे खुलतात.

पाहुण्यांना मुतिए-दाँच्या चर्चमधलं सतराव्या शतकातलं लाकडी कोरीवकाम दाखवा, मग ओब्युसाँची विणलेली भित्तिचित्रं. कढीपत्ता मात्र पॅरिसच्या ला शापेलहूनच, म्हणजे तिथल्या भारतीय-तमिळ दुकानांच्या भागातूनच, मागवावा लागतो. तो पाहुण्यांनाच आणायला सांगा.