ऑफिसच्या चॅटमध्ये थेट मेसेज उघडणारी लिंक कशी बनवायची

"पगाराचं काही असलं तर पेरोलवाल्या जोशी ताईंना मेसेज कर" असं नव्या माणसाला सांगून सोडून देतात, आणि इंदूरच्या ऑफिसात सर्चमध्ये जोशी टाकलं की मराठी जोशी पण निघतात आणि मालवी जोशी पण, मग तो भलत्यालाच स्वतःची पगाराची स्लिप पाठवून बसतो. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्या माणसाला रोज दहा जण शोधतात त्याची लिंकच बनवून द्यावी, क्लिक केलं की थेट त्याचीच चॅट उघडली पाहिजे. काम पाच मिनिटांचं आहे पण बहुतेक लोक चुकीची लिंक वाटतात, ते का होतं ते खाली येईलच.

एक आधी सांगते, सगळे पत्ते मी इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि मध्ये कुठेही स्पेस न सोडता टाकायचे.

व्हॉट्सॲप सगळ्यात सोपं: एचटीटीपीएस://डब्ल्यूए.एमई/ आणि पुढे 91 लावून नंबर, म्हणजे एकूण 12 आकडे. अधिकचं चिन्ह नाही, सुरुवातीचा शून्य नाही, मध्ये डॅश नाही. झालं.

टीम्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑफिस चॅटचं ॲप, त्यासाठी: एचटीटीपीएस://टीम्स.मायक्रोसॉफ्ट.कॉम/एल/चॅट/0/0?युजर्स= आणि पुढे त्या माणसाचा ईमेल. यात एल हे अक्षर आहे, एक आकडा नाही, आणि युजर्स शेवटच्या एस सकट. ग्रुप हवा असेल तर ईमेल स्वल्पविराम देऊन जोडत जा. ईमेल मात्र तोच द्यायचा ज्याने तो माणूस लॉगिन करतो, काही कंपन्यांत व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता वेगळा आणि लॉगिनचा वेगळा असतो, अशा वेळी लिंक उघडते पण माणूस सापडत नाही.

आता स्लॅक, हेही ऑफिस चॅटचंच ॲप, आणि खरी गोची इथेच आहे, मलाही या पायरीने सुरुवातीला भरपूर छळलंय. कोणीही तुम्हाला सांगेल की ब्राउझरमध्ये त्या माणसाची चॅट उघडा आणि वरचा पत्ता कॉपी करून सगळ्यांना पाठवा. अजिबात करू नका! त्या पत्त्यात शेवटी जो कोड असतो तो डी ने सुरू होतो, आणि डी वाला कोड माणसाचा नसतो, तुमच्या आणि त्या माणसाच्या आपसातल्या गप्पांचा असतो. तुम्ही क्लिक केलं तर झकास उघडतं, म्हणून तुम्हाला वाटतं लिंक बरोबर आहे, पण दुसऱ्या कोणी क्लिक केलं की त्याला काहीच मिळत नाही कारण त्या खोलीत तो कधी नव्हताच. गूगल चॅटच्या पत्त्यातल्या डीएमच्या, म्हणजे दोघांतल्या खासगी चॅटच्या कोडचंही असंच आहे, तो फक्त तुम्हा दोघांच्या कामाचा.

आपल्याला हवा माणसाचा कोड. स्लॅकमध्ये त्याची प्रोफाइल उघडा, तीन टिंबांवर क्लिक करा, तिथे कॉपी मेंबर आयडी मिळेल. हा यू ने सुरू होतो, काही मोठ्या कंपन्यांत डब्ल्यू ने. डी दिसला तर तिथेच थांबा, तुम्ही चुकीच्या जागेवरून उचललाय. दुसरा कोड तुमच्या वर्कस्पेसचा, म्हणजे स्लॅकमधल्या तुमच्या कंपनीच्या जागेचा, तो ब्राउझरच्या पत्त्यात क्लायंट या शब्दानंतर असतो आणि सहसा टी ने सुरू होतो. मग लिंक अशी: स्लॅक://युजर?टीम= पुढे टी वाला कोड, मग &आयडी= पुढे यू वाला कोड. कोड मोठ्या अक्षरांत असतात, तसेच राहू द्या.

ही लिंक ॲप इन्स्टॉल असेल तरच चालते, आणि बऱ्याच ईमेलमध्ये ती क्लिक होण्यासारखी निळी दिसतच नाही, साधा मजकूर म्हणून पडून राहते. ईमेलच्या सहीत टाकायची असेल तर त्याच तीन टिंबांतून प्रोफाइलची लिंक कॉपी करा, एक क्लिक जास्त लागतो पण सगळीकडे चालते.

मेसेज आधीच भरलेला हवा असेल तर टीम्समध्ये &मेसेज= आणि व्हॉट्सॲपमध्ये ?टेक्स्ट= जोडा. मेसेज आपोआप जात नाही, समोरच्याला सेंड दाबावंच लागतं, आणि तेच बरं आहे. भानगड चिन्हांची असते. "ट्रॅव्हल & फूड बिल" असं सरळ टाकलं की चॅटमध्ये नुसतं "ट्रॅव्हल" येतं, कारण & दिसला की लिंकला वाटतं पुढचा भाग सुरू झाला. # ने पण असंच तुटतं. स्पेसच्या जागी %20, & च्या जागी %26, # च्या जागी %23 लागतं. हाताने बदलत बसू नका, गूगल शीटमध्ये एन्कोड आणि यूआरएल हे दोन शब्द जोडून जो फॉर्म्युला होतो तो लावा, मराठी मजकूर पण नीट होतो. फक्त मराठीच्या एकेका अक्षर-मात्रेचे नऊ कॅरेक्टर होतात, साधा "नमस्कार" 63 कॅरेक्टरचा होऊन बसतो, म्हणून चार-पाच शब्दांतच आटपा. फॉर्म्युला फक्त मेसेजवर लावायचा बरं का, अख्ख्या लिंकवर लावला तर लिंकच बिघडते.

टेस्ट तुमच्या लॉगिनवरून करूच नका, ती टेस्ट नाहीच. शेजारच्या भाऊंना सांगा, आणि त्या माणसाशी आजवर कधीच न बोललेला कोणी मिळाला तर उत्तम, त्याच्याकडे उघडली म्हणजे सगळ्यांकडे उघडेल. मोबाइलवर पण बघा.

सगळ्या लिंका एका शीटमध्ये ठेवा, एका रकान्यात काम, दुसऱ्यात माणूस, तिसऱ्यात लिंक, आणि बाकी सगळीकडे त्या शीटचाच पत्ता द्या. ताई उद्या नोकरी सोडून गेल्या तर एकच ओळ बदलावी लागेल. देवास नाक्याच्या गोडाऊनमध्ये भिंतीवर क्यूआर चिकटवायचा असला तर तोही शीटचाच काढा, एका माणसाच्या लिंकचा नको, छापलेला क्यूआर नंतर बदलता येत नाही.